कोल्हापुरात घरी रुग्ण सांभाळायचाय? मावशी शोधण्याआधी हे वाचा

कोल्हापुरात नव्यानं राहायला आला असाल, किंवा पुण्या-मुंबईचं बिऱ्हाड हलवून आईवडिलांसाठी परत आला असाल, आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर हे तुमच्यासाठी. पक्षाघात, खुब्याचं मोडलेलं हाड, पार्किन्सन, कॅन्सर, कारण काहीही असो. दवाखान्यातून सुट्टी मिळणार कळलं की घरोघरी एकच चालू होतं: "एखादी चांगली मावशी असली तर बघा की जरा," म्हणून सगळ्या पाहुण्यांना फोन.

आमच्या सासूबाईंना पक्षाघात झाला तेव्हा आमच्याही घरात हेच चाललं होतं. त्या सगळ्या धावपळीतून माझं एक मत पक्कं झालंय. मावशी शोधणं हे पहिलं काम नाही, चौथं-पाचवं आहे. आधीची कामं झालेली असतील तर साधारण मावशीही घर सांभाळून नेते. ती झालेली नसतील तर चांगल्यातली चांगली मावशीही आठवड्यात "मला नाही जमत" म्हणून पिशवी उचलते, आणि तिचं काही चुकत नाही. म्हणून इथं मी त्या क्रमानंच लिहिलंय.

## १. सुट्टीच्या आधी वॉर्डातच शिकून घ्या

डिस्चार्जचा दिवस बिल, कागद आणि रिक्षा-ॲम्ब्युलन्समध्ये जातो. त्या दिवशी कुणी काही शिकवत नाही आणि शिकवलं तरी डोक्यात शिरत नाही. त्याआधी दोन-तीन दिवस घरातल्या दोघांनी वॉर्डातल्या सिस्टरांजवळ उभं राहून स्वतःच्या हातानं कामं करून बघायची. दोघांनी अशासाठी, की एकालाच येत असलं की तो माणूस आजारी पडायलाही मोकळा राहत नाही. "सिस्टर, आज मी करतो, तुम्ही बघा," असं सरळ म्हणा. दुपारी वॉर्ड जरा शांत असतो, तेव्हा विचारलेलं बरं. सकाळी राउंडच्या वेळी विचाराल तर ओरडून घ्याल.

काय शिकायचं ते रुग्णावर अवलंबून आहे, पण एवढं तरी:

कूस बदलणं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. रुग्णाला ओढायचं नाही, खाली घातलेल्या आडव्या चादरीसकट दोघांनी उचलून सरकवायचं. ओढलं की कातडी घासते आणि जखम तिथूनच सुरू होते.

गिळता येतंय का. पक्षाघातानंतर हा सगळ्यात दुर्लक्षिलेला प्रश्न. पातळ पदार्थ जास्त घात करतात. भाकरीचा काला एखाद्याला जाईल, पण चहाच्या घोटाला ठसका लागेल आणि तो चहा फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होईल. सुट्टीच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की तोंडानं काय द्यायचं, किती दाट द्यायचं. भरवताना पाठ सरळ आणि हनुवटी किंचित खाली. नाचणीचं आंबील जरा दाट ठेवलं तर पुष्कळांना चालतं, पण तेही विचारूनच.

नाकातली नळी असेल तर. नळी नाकाशी जिथं बाहेर येते तिथं पेननं खूण करून घ्या. खूण सरकलेली दिसली तर पाणीसुद्धा द्यायचं नाही, आधी सिस्टर किंवा डॉक्टर. खूण जागेवर असेल तर डोक्याकडची बाजू चांगली उंच करायची, सिरिंजचा दट्ट्या काढायचा आणि पातळ, गाळलेलं अन्न आपल्या वजनानं खाली उतरू द्यायचं. दट्ट्यानं ढकलायचं नाही. आधी आणि नंतर थोडं पाणी घालून नळी धुवायची. नंतर निदान अर्धा-पाऊण तास रुग्णाला आडवं करायचं नाही. घाईच्या घरात हा शेवटचा नियम पहिल्यांदा मोडतो.

लघवीची पिशवी. कायम कमरेच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकता. स्ट्रेचरवरून हलवताना माणसं ती रुग्णाच्या पोटावर ठेवतात, मग पिशवीतली लघवी उलटी आत जाते. कॅथेटर (लघवीची नळी) कधी बदलायचा ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

शिवाय "काय झालं तर लगेच परत आणायचं?" याचं उत्तर डॉक्टरांकडून कागदावर घ्या. तोंडी ऐकलेलं रात्री दोन वाजता आठवत नाही.

## २. चोवीस तासांची यादी करा

एक साधी दोनशे पानी वही घ्या. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत रुग्णाचं काय काय करावं लागतं ते तासागणिक लिहा. तोंड धुणं, औषध, नाश्ता, शी-शू, अंग पुसणं, कूस, व्यायाम, पुन्हा औषध. मग प्रत्येक कामापुढं लिहा की हे घरातलं कोण करू शकतं, कशाला नुसती अंगमेहनत पुरेशी आहे आणि कशाला शिकलेली नर्सच लागते.

बहुतेक घरांत या यादीनंतर कळतं की चोवीस तासांची नर्स लागतच नाही. सकाळचे चार तास मदतीला एक मावशी, आठवड्यातून तीनदा फिजिओ आणि ड्रेसिंगपुरती सिस्टर, एवढ्यात भागतं. उलट काही घरांत कळतं की रात्रीची ड्युटीच खरी अवघड आहे, दिवसाचं निभतं. यादी न करता माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केलात तर तो तुम्हाला जे महाग ते देणार, त्याचा धंदाच आहे तो.

हीच वही पुढं रोजनिशी म्हणून चालवा. तारीख, वेळ, काय खाल्लं, लघवी किती, शौचाला झालं का, बीपी, शुगर, कूस कधी बदलली, कुणी बदलली. डॉक्टर दोन मिनिटांत ही पानं चाळून जे सांगतात ते तुमच्या अर्ध्या तासाच्या वर्णनानं सांगता येत नाही.

## ३. तुम्ही नक्की कुणाच्या हद्दीत राहता?

हसू नका. नव्यानं आलेल्यांची इथंच सगळ्यात जास्त पायपीट होते. पत्त्यावर "कोल्हापूर" लिहिलं म्हणजे तुम्ही महापालिकेत राहता असं नाही. १९७२ साली महापालिका झाली आणि हद्दवाढीचा वाद तेव्हापासून आजवर चघळला जातोय. त्यामुळं पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, सरनोबतवाडी, बालिंगा, वडणगे इथं शहरासारखे अपार्टमेंट उभे राहिले तरी कारभार ग्रामपंचायतीचा आणि आरोग्य यंत्रणा जिल्हा परिषदेची. शिरोली पुलाची या नावाचं गाव तर करवीर नव्हे, हातकणंगले तालुक्यात येतं. रस्त्याच्या अलीकडं महापालिका आणि पलीकडं ग्रामपंचायत असंही आहे.

घरफाळ्याची (घरपट्टीची) पावती बघा. ती महापालिकेची असेल तर तुमचा संबंध नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राशी. सदर बाजार, फुलेवाडी, कसबा बावडा, राजारामपुरी अशी ही केंद्रं शहरभर आहेत. शिवाय महापालिकेचं सावित्रीबाई फुले रुग्णालय आणि पंचगंगा रुग्णालय आहे. पावती ग्रामपंचायतीची असेल तर तुमचं उपकेंद्र आणि त्याच्या वरचं प्राथमिक आरोग्य केंद्र शोधायचं. भाड्यानं राहत असाल तर घरमालकाची पावती बघा, लाजू नका.

सरकारी नियमाप्रमाणं सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. डोंगरी भागात, म्हणजे आपल्याकडं गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड या बाजूला, हेच आकडे ३,००० आणि २०,००० होतात. बऱ्याच उपकेंद्रांवर आता "आयुष्मान आरोग्य मंदिर" अशी पाटी आहे. देऊळ समजून पुढं जाऊ नका.

मोठा सरकारी दवाखाना म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. कुणालाही "सीपीआर कुठं" विचारा, पूर्ण नाव घेतलंत तर उलट माणसं थबकतील. इथं एक फरक ध्यानात ठेवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. सीपीआर मात्र शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं, म्हणून तिथले शुल्काचे नियम वेगळे. "सगळं फुकट आहे म्हणे," असं म्हणत खिडकीवर भांडत बसण्यात अर्थ नाही.

## ४. आशाताईंना भेटा, पण त्यांच्याकडून काय मागायचं ते जाणून

गावात साधारण हजार लोकसंख्येमागं एक आशा (सरकारी आरोग्य कार्यकर्ती) असते. शहरात त्यांचं काम मुख्यतः वस्त्यांमध्ये असतं, त्यामुळं बंगला-अपार्टमेंटच्या भागात त्या आपणहून दारात येतीलच असं नाही. केंद्रावर जाऊन "आमच्या भागाच्या आशाताई कोण?" असं विचारायचं, नाव-नंबर घ्यायचा आणि घरात कोण आजारी आहे ते सांगून यादीत नोंद करून घ्यायची. ज्येष्ठांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अंथरुणावर असलेल्या वृद्धांच्या घरी भेट देण्याची तरतूद आहे, पण तुमचं नाव कुणाला ठाऊकच नसेल तर कोण येणार?

त्या काय करतात: बाळंतिणीच्या आणि नवजात बाळाच्या ठरलेल्या गृहभेटी (बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत सहा), त्यानंतर तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी भेट, लसीकरणाची आठवण, टीबीच्या गोळ्यांवर लक्ष, तीस वर्षांवरच्यांचा बीपी-मधुमेह-कॅन्सरच्या जोखमीचा फॉर्म भरणं. तुमच्या घरात रुग्ण आहे म्हणून फक्त त्याच्याबद्दल बोलू नका. सांभाळणाऱ्या माणसाचा बीपी-शुगरही केंद्रावर तपासून घ्या. बाई दिवसभर सासूचा बीपी वहीत लिहितात आणि स्वतःचा बीपी किती ते त्यांना ठाऊक नसतं, हे मी आजूबाजूच्या घरांत बघितलंय.

त्या काय करत नाहीत: आंघोळ घालणं, डायपर बदलणं, रात्री बसणं. ते त्यांचं काम नाही. आशांना पगार नसतो, मानधन आणि कामावर ठरलेला मोबदला असतो. त्यांना घरकामाला जुंपायचं आणि वर "सरकारी बाई काही करत नाहीत" म्हणायचं, हे आपल्याला शोभत नाही.

उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सगळे सीएचओ म्हणतात. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथं मोफत मिळतात. रुग्णाला न्यायची गरज नसते, पण जुना कागद आणि वहीतले आकडे घेऊन जा. तिथूनच ई-संजीवनीवर डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलताही येतं.

गावात राहत असाल तर महिन्यातून एकदा अंगणवाडीत आरोग्य व पोषण दिवस असतो. नव्या सुनेनं आणि नव्या भाडेकरूनं तिथं एकदा तरी जावं. कोण सिस्टर, कोण सेविका, कुणाचा स्वभाव कसा, हे सगळं एका दुपारी कळतं.

## ५. आता मावशी, ब्रदर की सिस्टर

बाजारात तीन प्रकारची माणसं मिळतात आणि ब्युरोवाले मुद्दाम तिन्हींची सरमिसळ करतात.

मावशी किंवा आया: अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, स्वच्छता. शिक्षण नसलं तरी हातानं तयार असतात.

केअरटेकर, पुरुष असेल तर ब्रदर: थोडं प्रशिक्षण, बीपी-शुगर बघणं, नळीतून भरवणं. पुरुष रुग्ण वजनदार असेल तर ब्रदरच बघा. बाईमाणसाच्या कमरेवर तो भार टाकू नका.

सिस्टर: एएनएम किंवा जीएनएम शिकलेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंद असलेली. इंजेक्शन, सलाईन, कॅथेटर बदलणं, खोल जखमेचं ड्रेसिंग हे तिचंच काम.

पांढरा कोट म्हणजे नर्स नव्हे. आमच्याकडं एका ब्युरोनं "ट्रेन्ड सिस्टर" म्हणून पाठवलेल्या मुलीला कॅथेटरची पिशवी रिकामी कशी करायची ते मीच दाखवलं. मुलगी गुणी होती, पुढं छान शिकली, पण पैसे सिस्टरचे मोजले जात होते. म्हणून नर्स म्हणून कुणी आलं तर कौन्सिलच्या नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. मागितल्यावर राग आला तर तेच उत्तर समजा.

ब्युरोशी बोलताना हे आधी विचारा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या:

- नोंदणी फी किती, ती परत मिळते का
- माणूस सोडून गेला तर बदली किती दिवसांत, किती वेळा
- पैसे ब्युरोला द्यायचे की माणसाच्या हातात, आणि त्यातले तिला किती पोचतात
- १२ तास म्हणजे कधी ते कधी, २४ तासांत झोपेचे किती
- सुट्टी कोणती, सुट्टीच्या दिवशी कोण

शेवटच्या दोन प्रश्नांवरच बहुतेक भांडणं होतात. पुष्कळ मावश्या आसपासच्या गावांतून केएमटी (शहर बस) किंवा एसटीनं येतात. ड्युटी आठला संपते असं तुम्ही ठरवलं आणि तिची शेवटची गाडी पावणेआठची असेल, तर ती रोज साडेसातला घड्याळ बघणार आणि तुम्ही रोज चिडणार. गाडीची वेळ विचारून ड्युटी ठरवा. गौरी-गणपती, दिवाळी, जोतिबाची चैत्र यात्रा आणि तिच्या गावची म्हाई (गावजत्रा) या सुट्ट्या कॅलेंडरवर पहिल्याच दिवशी लाल करा. म्हाईला गावातली बाई थांबणार नाही, पगार दुप्पट करा नाहीतर तिप्पट. त्या दिवशी रजा आहे हे गृहीत धरून पाहुण्यांपैकी कुणाला तरी बोलावून ठेवा.

आधारकार्डाची प्रत, फोटो, गावाकडचा एक नंबर घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती द्या. त्याचबरोबर सोनं-नाणं, पेन्शनचं पासबुक, एटीएम रुग्णाच्या खोलीत ठेवू नका. यात कुणावर संशय नाही. उद्या काही सापडेनासं झालं तर गरीब माणसाच्या माथी पहिलं येतं, ते टळतं.

तिला चहा, दोन वेळचं जेवण, पाठ टेकायला जागा आणि घरातलंच संडास-बाथरूम द्या. हे लिहावं लागतं याचंच वाईट वाटतं.

## ६. साहित्य: विकत घेण्याआधी विचारा

हॉस्पिटलचा पलंग, एअर बेड, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, वॉकर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ही सगळी भाड्यानं मिळतात. शहरातले लायन्स-रोटरीसारखे क्लब, ज्येष्ठ नागरिक संघ आणि पेठांमधली तालीम मंडळं यांच्याकडं आधी चौकशी करा. पुष्कळ ठिकाणी अनामत ठेवून साहित्य वापरायला देतात. पेठेत राहत असाल तर तालमीत जाऊन नुसतं सांगा. पलंग कुठून तरी उभा राहतो आणि वर जिना चढवायला चार पोरंही येतात. व्हीलचेअर कायमची लागणार असेल तर १९८४ पासून इथं काम करणारी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था आहे, तिच्या माणसांशी बोला. कुठल्या रुग्णाला कुठली खुर्ची बसते हे दुकानदारापेक्षा त्यांना चांगलं कळतं.

भाड्याच्या पलंगाचा हॅण्डल फिरवून बघा, चाकांचे ब्रेक लागतात का बघा. एअर बेडचा पंप तासभर चालू ठेवून हवा टिकते का ते बघा. जुन्या घरात दाराची रुंदी आणि उंबरा मोजून मगच व्हीलचेअर आणा.

आणि एअर बेड आला म्हणजे कूस बदलायला नको, हा समज डोक्यातून काढा. बेडसोर (पडून राहून होणारी जखम) माकडहाडावर, टाचांवर आणि खुब्यावर आधी येतो. रोज आंघोळीच्या वेळी या जागा उजेडात बघायच्या. लालसर दिसलं तर बोटानं दाबा. बोट काढल्यावरही तो भाग फिका न पडता लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली समजा. तिथं चोळायचं नाही, मालिश नाही, हळद-तेल-पावडर काही नाही, भोकाची गोल उशीही नाही. त्या जागेवरचा भार काढायचा आणि सिस्टरला दाखवायचं. कातडी फाटल्यावर जी जखम भरायला महिने लागतात ती या टप्प्यावर थांबते.

वापरलेल्या सुया रिकाम्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, डायपर कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत. टिपरवर कचरा घेणाऱ्या माणसाला उघड्या सुईची टोच बसू नये.

## ७. कागदपत्रं आणि योजना

एका फाइलमध्ये मूळ आणि तीन-तीन प्रती:

- रुग्णाचं आधार (मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, हे आधी बघा)
- रेशनकार्ड
- बँक पासबुक, आधारशी जोडलेलं
- डिस्चार्ज कार्ड, सीटी किंवा एमआरआयचे रिपोर्ट
- उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा
- पासपोर्ट फोटो, आणि आयुष्मान किंवा आभा कार्ड असेल तर ते

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत: वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंतचे उपचार, योजनेतल्या दवाखान्यात दाखल असताना. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून वय वंदना कार्ड मिळतं. सापळा असा, की घरी ठेवलेल्या मावशीचा पगार, डायपर, पलंगाचं भाडं यातलं काहीही या योजनांत बसत नाही. एका एजंटनं आम्हाला "घरचा खर्चही काढून देतो" सांगितलं होतं. असा एजंट भेटला तर दारातूनच वाटेला लावा. चौकशीला १५५३८८ आणि १४५५५ हे नंबर आहेत, आणि योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात.

दिव्यांग प्रमाणपत्र: पक्षाघातात लगेच मिळत नाही, रुग्णाची स्थिती स्थिरावल्यावर तपासणी होते. अर्ज ऑनलाइन करायचा, तपासणी नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात. अंथरुणावरचा माणूस न्यायचा असल्यानं तपासणीचा वार आधी फोनवरून किंवा एकट्यानं जाऊन पक्का करा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर बहुतेक सवलती सुरू होतात.

मुख्यमंत्री वयोश्री: ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना चष्मा, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यावर. चौकशी समाजकल्याण कार्यालयात, विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ यांचे अर्ज मात्र तहसील कार्यालयात.

पेन्शनरांचा हयातीचा दाखला: नोव्हेंबरात आजोबांना खुर्चीत घालून बँकेत न्यायची गरज नाही. पोस्टमन घरी येऊन थोड्या शुल्कात डिजिटल दाखला करून देतात. जवळच्या पोस्टात नाव सांगून ठेवा. अंथरुणावरच्या माणसाचं आधार अद्ययावत करायलाही घरी येण्याची सोय आहे.

फोनजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरात: १०८ ॲम्ब्युलन्स, १०२ गरोदर माता आणि बाळासाठी, १०४ आरोग्य सल्ला, १४५६७ ज्येष्ठांची हेल्पलाइन, १४४१६ मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस. शेवटचा नंबर रुग्णापेक्षा सांभाळणाऱ्याला जास्त लागतो.

## ८. पुन्हा पक्षाघाताचा झटका आला तर, आणि येऊ नये म्हणून

तोंड वाकडं, एक हात गळालेला, बोलणं बोबडं. यातलं एक जरी अचानक दिसलं तर वेळ बघून ठेवायची आणि थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातला बराच वेळ तपासण्यांत जातो. आपल्याकडं अजूनही "अमक्या गावात लकव्याचं औषध देतात" म्हणून माणसाला पहिल्यांदा तिकडं नेतात. तुम्ही बाहेरून आला असाल तर चारपाच पाहुणे मिळून तुम्हाला गाडीत बसवायला तयार असतील. वाद घालू नका, आधी सीटी करा, मग बघू म्हणा.

बीपीचा रुग्ण असेल तर मीठ. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे माणशी चमचाभरही नाही, आणि त्यात पापड, लोणचं, खर्डा, शेव-फरसाण सगळं आलं. भाजी अळणी करून वर खर्डा वाढला तर काय उपयोग? पांढरा रस्सा तिखट नसतो म्हणून "आजारी माणसाला चालतो" असं आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांचं ठाम मत होतं. नारळाचं दूध, काजू, खसखस आणि मटणाची चरबी त्यांच्या हिशेबात येतच नव्हती.

## ९. पावसाळ्याआधी, मे महिन्यात

हे बाहेरच्यांना कुणी सांगत नाही. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या पुढं गेली. घर भाड्यानं घेताना शेजाऱ्यांना एकच प्रश्न विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवतात. सुतारवाडा, दुधाळी, शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर, नागाळा पार्कचा काही भाग, चिखली, आंबेवाडी या बाजूला तळमजल्यावर अंथरुणावरचा रुग्ण ठेवणार असाल तर नीट विचार करा.

राहायचंच असेल तर पाणी ३९ फुटांवर आल्यावर हलायचं, ४३ ची वाट बघायची नाही. चालता माणूस गुडघाभर पाण्यातून येतो, अंथरुणावरच्याला बोट आणि चार माणसं लागतात. कुठं जायचं ते मे महिन्यातच ठरवा, शक्यतो उंचावरच्या नातेवाइकाकडं. तालमीला आणि आशाताईंना सांगून ठेवा की अमक्या घरात न चालणारा माणूस आहे. जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर १०७७.

तुमचं घर कोरडं राहिलं तरी सुटका नाही. शिरोलीजवळ महामार्ग बंद होतो, गावांचे रस्ते तुटतात आणि मावशी पलीकडं अडकते. २०१९ मध्ये पाणी उपसा केंद्रंच बुडाल्यानं शहराला टँकरवर राहावं लागलं. म्हणून जूनपासून पंधरा दिवसांची औषधं, डायपर, कॅथेटरची जादा पिशवी आणि झाकणाच्या पिंपात पाणी घरात हवं. कॉन्सन्ट्रेटर असेल तर वीज गेल्यावर चालेल असा ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर जवळ ठेवा. डायलिसिस चालू असेल तर नदीच्या अलीकडच्या दुसऱ्या केंद्राशी आधी बोलून ठेवा. फ्रिज बंद पडला तर इन्सुलिन प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवता येतं.

पाणी ओसरल्यावर केंद्रावरून मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं औषध) मागून घ्या, पिण्याचं पाणी उकळा, आणि चिखल साफ करायला उतरलेल्या कुणाला ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर लेप्टोची (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची) शंका डॉक्टरांना बोलून दाखवा. तोच माणूस रात्री रुग्णाची कूस बदलायला लागणार असतो.